१४ ऑगस्टची गर्दी आणि १७ सप्टेंबरची फाईल

१४ ऑगस्टची संध्याकाळ, बाहेर रिपरिप पाऊस, वाचनालयाच्या पायरीवर चपला आणि छत्र्यांचा ढीग, आत पाचवी ते आठवीची पोरं, त्यांच्या आया, एखादा वैतागलेला बाप ऑफिसातून थेट आलेला, आणि सगळ्यांचं मागणं एकच, "मामा, भाषण द्या."

मामा म्हणजे आमचे ग्रंथपाल. ते नक्की कुणाचे मामा होते देव जाणे, पण माझी आईपण त्यांना मामा म्हणायची आणि मीपण मामाच म्हणायचे.

तर भाषण. भाषणांची पातळ पुस्तकं मिळायची तेव्हा, अजूनही मिळतात, राष्ट्रीय सण आणि थोर पुरुष असं काहीतरी वर छापलेलं, आत कागद वर्तमानपत्रासारखा. आमच्याकडे अशी चार होती आणि चारहीतलं टिळकांचं पान कुणीतरी ब्लेडने कापून नेलेलं. म्हणून मामांनी नियम केला, ऑगस्ट आणि जानेवारीत ही पुस्तकं घरी मिळणार नाहीत, इथेच बसून उतरवून घ्या. एकाला तर सुतळी लावून टेबलाच्या पायाला बांधलं होतं, आम्हाला त्यात काही वावगं वाटायचं नाही, स्टँडवरच्या पाण्याच्या टाकीला पेला साखळीने बांधलेला असतो तसंच. ज्याचा आवाज खणखणीत तो वाचणार, बाकीचे लिहिणार. "अध्यक्ष महोदय, पूज्य गुरुजनवर्ग आणि येथे जमलेल्या माझ्या बालमित्रमैत्रिणींनो, आज मी आपल्याला जे दोन शब्द सांगणार आहे ते आपण शांतचित्ताने ऐकावेत ही नम्र विनंती." एवढं लिहीपर्यंत निम्मं पान संपायचं आणि आया खूश, चला निम्मं भाषण झालं. लहान वर्गातल्यांसाठी मामा स्वतः आठ ओळींची भाषणं कार्बन ठेवून लिहायचे, त्यात एक ओळ मुद्दाम सोपी ठेवायचे, विसरलं तरी पोरगं त्या ओळीवर येऊन उभं राहील अशी.

दुसऱ्या दिवशी शाळेत एकच भाषण चार जणांकडून ऐकायला मिळायचं. पाचवा फक्त नाव बदलायचा. टाळ्या पाचही जणांना.

आणि गंमत म्हणजे १५ ऑगस्टला वाचनालय बंद! सकाळी झेंडावंदन, दोन-दोन लिमलेटच्या गोळ्या, मग कुलूप. म्हणजे सुट्टीसाठी जे काही द्यायचं ते वाचनालय सुट्टीच्या आदल्या दिवशीच देऊन मोकळं. मला हे लहानपणी फार विनोदी वाटायचं, आता तितकं वाटत नाही.

दारातून आत गेलं की डाव्या हाताला एक लाकडी टेबल होतं, पांढरं कापड अंथरलेलं. त्यावर त्या-त्या दिवसाचा फोटो, हार, उदबत्ती आणि पुढे दहा-बारा पुस्तकं उभी केलेली. फोटो माळ्यावर महिन्यांच्या क्रमाने रचलेले असायचे. ३ जानेवारी सावित्रीबाई, १२ जानेवारीला जिजाऊ आणि विवेकानंद एकत्र, मग २३ जानेवारी नेताजी, नुसता जानेवारी काढायचा तर शिडी दहा वेळा लावावी लागायची. कुणाची जयंती साजरी करायची त्याची यादी सरकार दरवर्षी परिपत्रकाने काढतं, सामान्य प्रशासन विभागाचं ते काम, आणि अनुदान घेणाऱ्या वाचनालयांच्या टेबलावर त्याची सावली पडतेच. मामा म्हणायचे, "फोटो वाढायलेत, टेबल तेवढंच हाय."

अनुदानाचं जरा सांगायला पाहिजे, नाहीतर हे टेबल नीट कळणार नाही. महाराष्ट्रात १९६७ चा ग्रंथालय कायदा आहे, त्याखाली गावोगावची वाचनालयं अ, ब, क, ड अशा वर्गांत बसवलेली आहेत, वर्गाप्रमाणे अनुदान, ते वर्षातून दोन हप्त्यांत येतं आणि त्यातला अर्धा भाग पगारावर. पगार हा शब्द आपला म्हणायला, मामांचा पगार किती होता ते मला पुढे कळलं आणि ते कळल्यावर मी लहानपणी त्यांच्याकडून रबर लावलेली फुकटची पेन्सिल कितीदा घेतली ते आठवून लाज वाटली. तर तपासणीला साहेब आले की कार्यक्रमांचं रजिस्टर मागायचे, कोणकोणत्या जयंत्या केल्या, प्रदर्शन कधी लावलं. म्हणजे ते टेबल काही प्रमाणात रजिस्टरसाठी होतं हे खरं आहे, उगाच त्याला नंतरच्या आठवणींचा मुलामा देण्यात अर्थ नाही.

पण मामा त्यातही आपलं काहीतरी करायचे. १ ऑगस्टचं उदाहरण. १ ऑगस्ट १९२० ला टिळक गेले आणि त्याच दिवशी वाटेगावला अण्णाभाऊ साठे जन्मले. एकच तारीख, तेच वर्ष. बऱ्याच ठिकाणी हे दोन वेगळे कार्यक्रम असतात, वेगळे वक्ते आणि खरं सांगायचं तर वेगळी माणसं समोर बसलेली. मामा दोन्ही फोटो एकाच टेबलावर ठेवायचे आणि पुस्तकं मुद्दाम मिसळून लावायचे, म्हणजे टिळकांवरचं पुस्तक उचलायला गेलेल्या माणसाच्या हाताला अण्णाभाऊंची कथा लागायची. कुणी बोललंच तर म्हणायचे, टेबल एकच हाय की हो, मी काय करू. १२ ऑगस्टला मात्र टेबलावर कुणाचाच फोटो नसायचा. तो ग्रंथालयशास्त्रवाल्या रंगनाथन यांचा जन्मदिन, ग्रंथपाल दिन. त्या दिवशी मामा स्वतःच्या पैशाने पाव किलो पेढे आणायचे आणि आम्हा पोरांना अर्धा-अर्धा द्यायचे, कशाचे म्हणून विचारलं तर "आमच्या लोकांचा सण" एवढंच.

१४ एप्रिलची पद्धत अजून वेगळी. बाबासाहेबांच्या जयंतीनिमित्त सलग १८ तास अभ्यास करायचा उपक्रम बऱ्याच गावांत, कॉलेजांत होतो, आमच्याकडेही व्हायचा. सकाळी सहाला अभ्यासिकेत बसायचं ते रात्री बाराला उठायचं. एमपीएससीवाली पोरं, डीएडवाल्या पोरी, आणि एक वर्ष एक रिटायर्ड तलाठी पण बसले होते, ते जेवून थोडे झोपले पण उठून गेले नाहीत. मामा १८ तास कुलपाची किल्ली घेऊन बाहेर स्टुलावर. हार-फोटोच्या सगळ्या कार्यक्रमांत मला हाच एक खरा वाचनालयाचा वाटतो, कारण ह्यात कुणी भाषण करत नाही.

दिवाळीचं तर विचारूच नका. आता सगळ्यांनाच माहीत आहे की मराठीतला पहिला दिवाळी अंक म्हणून 'मनोरंजन'च्या १९०९ च्या अंकाकडे बोट दाखवतात, तो काढणारे काशीनाथ रघुनाथ मित्र. आमच्या लेखी मात्र दिवाळी अंक वाचनालयातच जन्माला यायचे, कारण घरी विकत कुणी घ्यायचंच नाही. मामांची योजना असायची, वेगळी वर्गणी, वेगळी पावती, ऐंशी-नव्वद अंक, एका वेळी दोन, आणि तीन दिवसांत परत. ऑक्टोबरमध्ये गठ्ठे आले की आम्ही पोरं कव्हरं घालायला बसायचो, खाकी कागद, डिंक, आणि पाठीवर मामांच्या टपोऱ्या अक्षरात नंबर. नव्या अंकाचा वास आणि डिंकाचा वास एकत्र झाला की मला आजही दिवाळी आल्यासारखं वाटतं, उटणंबिटणं सगळं नंतर. भविष्याचे अंक आणि पाककृतींचे अंक सगळ्यात आधी झिजायचे, वैचारिक अंक मार्चपर्यंत नवेकोरे. एका काकूंनी शंकरपाळ्यांचं पान फाडलं, तर मामा सगळ्यांसमोर काही बोलले नाहीत, पुढच्या वर्षी कार्बनने ती रेसिपी लिहून त्यांच्या अंकात ठेवली. ह्या वर्गणीतून जे उरायचं त्यात बालविभागाची पुस्तकं यायची, म्हणजे काकूंच्या भविष्याच्या जिवावर आम्ही साहसकथा वाचल्या.

असो. मला सांगायचंय ते खरं तर १७ सप्टेंबरचं.

मराठवाड्याबाहेरच्या वाचकांसाठी, आमच्याकडे झेंडा वर्षातून चारदा फडकतो. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, आणि १७ सप्टेंबर, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. पुण्यात नोकरीला लागल्यावर मी पहिल्या वर्षी १७ सप्टेंबरची सुट्टी गृहीत धरून गावाकडचं तिकीट काढलं होतं, टीम लीडने विचारलं, "कसली सुट्टी?" आणि मला एका वाक्यात सांगताच येईना.

१९९८ साल. मी सहावीत. १५ ऑगस्टला मी मामांच्या सुतळीवाल्या पुस्तकातलं भाषण ठोकलं, "१५ ऑगस्ट १९४७ रोजी आपला देश स्वतंत्र झाला आणि घराघरावर तिरंगा फडकला", घरी येऊन आबांना, म्हणजे आजोबांना, तेच परत म्हणून दाखवलं. आबा सुपारी कातरत होते. ते म्हणाले, "आपल्या घरावर नव्हता फडकला."

"का बरं?"

"आपण कुठं होताव त्या देशात."

मग त्यांनी सांगितलं ते एवढंच, की त्या दिवशी पहाटे कुणीतरी पारावर झेंडा लावला होता आणि आबा बघायला गेले तोवर तो पोलिसाच्या काखेत होता. सतरा वर्षांचे होते ते. स्वातंत्र्याचा पहिला झेंडा त्यांनी पाहिला तो पोलिसाच्या काखेत घडी करून धरलेला.

आम्ही निझामाच्या राज्यात होतो. मीर उस्मान अलीला स्वतंत्र राहायचं होतं, स्टेट काँग्रेसने ७ ऑगस्ट १९४७ ला 'भारतात सामील व्हा' म्हणून दिवस पाळला, सत्याग्रही तुरुंगात गेले, निझामाच्या बाजूच्या रझाकारांच्या टोळ्यांनी गावंच्या गावं हैराण केली, त्यांचा पुढारी कासीम रझवी हा आमच्याच लातूरचा वकील, आणि शेवटी १३ सप्टेंबर १९४८ ला भारताचं सैन्य शिरलं आणि १७ तारखेला निझाम शरण आला. एक वर्ष, एक महिना आणि दोन दिवस उशिरा. हे सगळं मी आज असं धडाधड लिहू शकते, पण सहावीत मला ह्यातलं काही, म्हणजे काहीच माहीत नव्हतं, आणि माझ्या वर्गातल्या कुणालाच नव्हतं, आणि आम्ही तर त्याच मातीत.

त्या वर्षी मुक्तिसंग्रामाला ५० वर्षं होत होती म्हणून शाळेत १७ सप्टेंबरची भाषणस्पर्धा ठेवली. मी धावत मामांकडे. मामांनी चारही पातळ पुस्तकं चाळली, मलापण चाळू दिली. १५ ऑगस्ट होतं, २६ जानेवारी होतं, बालदिन, शिक्षकदिन, झाडे लावा, माझी आई, सगळं होतं. १७ सप्टेंबर नव्हतं. पुस्तकं छापणाऱ्याला ह्या तारखेचं गिऱ्हाईक मराठवाड्याच्या तेव्हाच्या सात जिल्ह्यांतच मिळणार, तो कशाला छापेल?

मग मामांनी खालचा ड्रॉवर उघडला. कुलुपाचा ड्रॉवर, आम्हाला वाटायचं त्यात वर्गणीचे पैसे असतात. त्यातून एक निळी बॉक्स फाईल काढली, नाडीवाली. आत वर्तमानपत्रांची कात्रणं, दोन-तीन शाळांच्या स्मरणिका, एका स्वातंत्र्यसैनिकांनी फुलस्केपवर लिहून दिलेली अकरा पानं, पेन्शनच्या अर्जाची सायक्लोस्टाईल प्रत, आणि बऱ्याच कागदांवर मामांचं अक्षर, "अमुक तारखेस अमुक यांनी तोंडी सांगितले." कुणी पेपर वाचायला आलेला म्हातारा काही बोलला की मामा ते नंतर लिहून ठेवायचे. पाच-सहा वर्षं चाललेलं होतं हे, रजिस्टरमध्ये त्याचा उल्लेख नाही, तपासणीत दाखवायचं नाही, कारण ह्यासाठी कॉलमच नव्हता.

"ह्यात भाषण न्हाई," मामा म्हणाले. "ह्यातलं वाच अन् तूच लिही. मी शुद्धलेखन बघतो."

मी तीन दिवस शाळा सुटल्यावर तिथे बसले. त्यात बदनापूरकडच्या दगडाबाई शेळके होत्या, मराठवाड्याची झाशीची राणी म्हणतात त्यांना, माझ्यासारख्या पोरीला त्या एकदम आवडल्या. स्वातंत्र्यसैनिकांनी लुटलेल्या उमरीच्या बँकेचा प्रसंग होता. पण मला सगळ्यात जास्त नवल वाटलं ते वाचनालयांचं. निझामाच्या राज्यात सभा घ्यायला परवानगी लागायची, गश्ती निशाण ५३ नावाचा तो हुकूम, वरच्या वर्गांत शिकवायची भाषा उर्दू, विद्यापीठ उर्दू माध्यमाचं. मग लोकांनी काय केलं, वाचनालयं काढली. चार माणसं एकत्र बसून पेपर वाचतायत ह्याला सभा कशी म्हणणार? हैदराबादचं मराठी ग्रंथसंग्रहालय १९२२ चं. गणेशोत्सव, व्यायामशाळा, वाचनालय, अशा आडवाटांनी चळवळ गावागावांत गेली. तेलुगू लोकांनी तर हेच काम केवढं तरी आधीपासून, केवढ्या तरी जोराने केलं, हैदराबादेतलं त्यांचं श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम १९०१ चं. हे वाचून मी मान वर करून आमच्या पत्र्याच्या वाचनालयाकडे पाहिलं, मामा टेबलावरचा हार सुकला म्हणून काढत होते.

शेजारच्या टेबलावर एक चाचा बसायचे, उर्दू पेपर वाचायला. आमच्या वाचनालयात एक उर्दू पेपर यायचा आणि तो बहुतेक ह्या चाचांसाठी आणि आणखी दोघा-तिघांसाठीच यायचा. ते रोज बघत होते मी काय लिहितेय. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "क्या लिख रई बेटा?" मी सांगितलं. ते जरा गप्प राहिले आणि म्हणाले, "पोलीस ॲक्शन के बाद का भी लिख रई क्या?" पोलीस ॲक्शन म्हणजे भारताचं सैन्य शिरलं ती कारवाई, मला वाटलं त्यानंतर म्हणजे आनंदीआनंद, त्यात काय लिहायचं. मी मामांकडे पाहिलं. मामा म्हणाले, "ते मोठी झाल्यावर वाच, ठेवलंय मी."

ते मी खरंच मोठी झाल्यावर वाचलं, मामांच्या फाईलमध्ये थोडं आणि बाकी बाहेर. सैन्य आल्यानंतरच्या आठवड्यांत मुसलमान वस्त्यांवर जे झालं ते बघायला सरकारनेच पंडित सुंदरलाल समिती पाठवली होती. समितीने मेलेल्यांचा आकडा २७,००० ते ४०,००० सांगितला आणि सगळ्यात जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड आहेत, म्हणजे आम्हीच, आमचा तालुका तेव्हा उस्मानाबादेतच. तो अहवाल लोकांना बघायला मिळाला २०१३ च्या सुमारास. रझाकारांनी केलं ते खोटं नाही, आबांची आई पोरांना घेऊन रातोरात बार्शीला पळाली होती, सरहद्दीपलीकडे, निझामाच्या हाली सिक्क्याचे पैसे घेऊन, जे तिथे चालेनात. आणि रझाकारांना विरोध करणारा पत्रकार शोएबुल्ला खान, त्याला हैदराबादेत ऑगस्ट १९४८ मध्ये मारलं, तोही मुसलमानच. हे सगळं एका फाईलीत मावतं, सात मिनिटांच्या भाषणात मावत नाही.

पुढे कधीतरी, मी कॉलेजला असताना, मामांनी १७ सप्टेंबरच्या टेबलावर चाचांची तोंडी आठवण लिहिलेला कागदपण ठेवला होता. दुपारी कुणीतरी आलं, आवाज चढला, संध्याकाळी तो कागद टेबलावर नव्हता. मी तावातावाने विचारलं, तुम्ही काढलाच कसा? मामा म्हणाले, "टेबलावरून काढला. फायलीतून न्हाई काढला." मला तेव्हा ते बुळचट वाटलं, स्पष्टच सांगते. आता त्यांचा पगार माहीत आहे, अनुदान माहीत आहे, गाव माहीत आहे, तरीपण पूर्ण पटलंय असं नाही. पण फाईल ज्याने मागितली त्याला ते ती पूर्ण दाखवायचे, हेही मी पाहिलंय.

माझं भाषण? आबांनी पाहिलेल्या पोलिसाच्या काखेतल्या झेंड्यापासून सुरू केलं, "अध्यक्ष महोदय" विसरले, नंबर आला नाही. पहिला नंबर ज्याचा आला त्याने १५ ऑगस्टच्याच भाषणात तारीख बदलली होती.

आता एकदम वेगळीकडे नेते. माझी बहीण न्यू जर्सीत असते. दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये गेले होते तिच्याकडे, तर दुसऱ्या दिवशी ती मला तिच्या लायब्ररीत घेऊन गेली, दाखवायला, जसं आपण पाहुण्यांना देवळात नेतो. काच, एसी, गालिचा, सगळं आलं. पण दारातून आत गेलो आणि डाव्या हाताला, खरंच डाव्या हाताला, टेबल! ४ जुलैचं. लाल-निळे कागदी झेंडे, मुलांची पुस्तकं, रंगवायची पानं, कागदी पिशव्यांत भरलेलं क्राफ्टचं सामान, घरी न्या आणि करा, फुकट. पुस्तकांच्या यादीची बुकमार्कं छापलेली. मामांनी बघितलं असतं तर त्या पिशव्यांचा हिशोब कसा ठेवतात ते आधी विचारलं असतं. आणि काउंटरवर पाटी, ४ जुलैला लायब्ररी बंद. मी हसले तर बहिणीला कळेना काय झालं.

त्या टेबलाला लागून दुसरं छोटं टेबल होतं, जूनटीन्थचं. मला तो शब्दच नवा होता. १९ जून. लिंकनने गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा लागू केला १ जानेवारी १८६३ ला, पण टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टनला सैन्य पोचून तिथल्या गुलामांना तुम्ही मोकळे आहात असं सांगितलं गेलं ते १९ जून १८६५ ला. अडीच वर्षांनी. काळे लोक हा दिवस पिढ्यान्‌पिढ्या पाळत आलेत, देशाने सुट्टी दिली ती २०२१ मध्ये. मी तिथेच उभी राहून दोनदा वाचलं ते कार्ड. गुलामी आणि निझामाची प्रजा असणं ह्यांची तुलना मी करत नाहीये, ती होऊच शकत नाही. पण सगळ्यांचा झेंडा फडकला तेव्हा आमचा फडकला नव्हता, आमची तारीख वेगळी आहे आणि ती तुमच्या पुस्तकात नाही, हे वाक्य मला ओळखीचं होतं.

बहीण सिटिझन झाली तीपण ह्याच लायब्ररीच्या जोरावर. तिथे एका कोपऱ्यात नागरिकत्वाच्या परीक्षेची कार्डं ठेवलेली असतात. तिच्या वेळी शंभर प्रश्नांची यादी होती, त्यातले दहापर्यंत विचारणार, सहा बरोबर आले की पास. स्वयंपाक करताना भिंतीला कार्ड चिकटवून पाठ करायची. शंभरावा प्रश्न होता, दोन राष्ट्रीय सुट्ट्यांची नावं सांगा. ती म्हणाली, "हे कार्ड आलं की मला दरवेळी मामाच आठवायचे गं. वाटायचं म्हणावं, सतरा सप्टेंबर." काय केलं असतं त्या ऑफिसरने, आम्ही दोघी हसत बसलो.

मामा २०१६ ला गेले. त्यांच्या जागी आता एक ताई आहेत, बी.लिब झालेल्या, माझ्यापेक्षा लहान. त्यांनी वाचनालयाचा व्हॉट्सॲप ग्रुप काढलाय, जयंतीचा फोटो टेबलावर ठेवला की आधी त्याचा फोटो काढायचा, पाठवायचा, मग उदबत्ती. भाषणांसाठी कुणी येत नाही आता फारसं, युट्यूबवर आणि आता तर एआयवर भाषण दोन मिनिटांत मिळतं, सुरुवात मात्र अजूनही "अध्यक्ष महोदय"नेच होते, ते कसं काय कुणास ठाऊक. १५ ऑक्टोबरला, कलामांच्या जयंतीला, वाचन प्रेरणा दिन असतो, त्याला शाळेची मुलं रांगेने आणून बसवतात आणि अर्ध्या तासाने रांगेने परत नेतात. दिवाळी अंकांची योजना चालू आहे, अंक पन्नासवर आलेत.

फाईलचं विचाराल तर, २०२३ मध्ये मुक्तिसंग्रामाचा अमृतमहोत्सव झाला ना, तेव्हा अचानक सगळ्यांना ह्या विषयावर काहीतरी हवं होतं. एका कार्यालयातून माणूस आला, प्रदर्शनासाठी फाईल घेऊन गेला, साध्या कागदावर सही करून. चार महिन्यांनी परत आली तेव्हा नाडी नवीन होती आणि आतले निम्मे कागद नव्हते. फुलस्केपची अकरा पानं गेली. चाचांचा कागद गेला. ताईंनी नेण्याआधी मोबाईलवर जेवढे फोटो काढले होते तेवढ्यांचे प्रिंट काढून परत लावलेत, त्यात एका फोटोत त्यांचा अंगठा आलाय आणि त्याच्याखाली चाचांच्या आठवणीच्या शेवटच्या तीन ओळी वाचता येतात, वरचं पान नाही.

ह्या ऑगस्टमध्ये गावी गेले होते तेव्हा ताई म्हणाल्या, तुमच्या आजोबांचं ते झेंड्याचं मामांनी कुठे लिहिलेलं दिसत नाही, तुम्ही लिहून देता का. मी म्हटलं मला सगळं नीट आठवत नाही आता, आबा जाऊन चौदा वर्षं झाली. त्या म्हणाल्या, जेवढं आठवतं तेवढं, आणि वर तारीख टाका, कुणी कुणाला सांगितलं ते लिहा. तिथेच बसून दीड पान लिहिलं, बार्शीचं, हाली सिक्क्याचं, पोलिसाच्या काखेचं. चाचांनी मला जे विचारलं होतं तेपण लिहिलं, मी काय उत्तर दिलं नव्हतं तेपण. ताईंनी पंच मारला, मागे वाचनालयाचा गोल शिक्का मारला, आणि दाखल नोंदवही काढून त्यात रीतसर नंबर टाकला. मामांनी कधी टाकला नव्हता.

"आता कुणी न्यायचं म्हटलं तरी झेरॉक्सच देणार," त्या म्हणाल्या. "अन् ताई, १६ सप्टेंबरला यायचं झालं तर सकाळीच या. संध्याकाळी पोरं येतात."